सीमारेषेबाहेर उभ्या केलेल्या मुली : मराठवाड्यातील चषक स्पर्धांच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील क्रिकेट चषक स्पर्धांचे संयोजक, या स्पर्धांना आपले नाव व निधी देणारे लोकप्रतिनिधी आणि क्रीडा मंडळांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उलटली, की आपल्या भागात चषकांचा हंगाम सुरू होतो. आमदार चषक, सरपंच चषक, कोणाच्या वाढदिवसाचा, कोणाच्या स्मृतीचा. टेनिस बॉलचे सामने, रात्री प्रखर दिव्यांखाली रंगणारे, आणि पहिल्या बक्षिसाची रक्कम फ्लेक्सवर संघांच्या नावांपेक्षाही मोठ्या अक्षरांत छापलेली. या स्पर्धांमुळे खेड्यापाड्यांतील मुलांना खेळायला निमित्त मिळाले, हे मी मोकळेपणाने मान्य करते. मात्र गेल्या काही हंगामांत त्यांत एका गोष्टीची भर पडली आहे आणि हे पत्र तिच्याविषयी आहे. सीमारेषेला लागून छोटा मंच बांधला जातो, शहरातून सुपारी देऊन नृत्याचा गट आणला जातो, आणि चौकार-षटकार गेला किंवा गडी बाद झाला, की डीजेवर गाण्याचा तुकडा वाजतो व तेवढ्या तुकड्यापुरत्या मुली नाचतात. आयपीएल पाहून ही टूम आपल्याकडे आली, हे सांगायला नकोच. जिथे असा गट परवडत नाही तिथे जवळच्या शाळेतील किंवा कनिष्ठ महाविद्यालयातील मुलींना एकसारखे टी-शर्ट घालून ‘चिअरलीडर’ म्हणून उभे केले जाते.

यावर चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रातील पत्रव्यवहारापर्यंत दोनच मते ऐकू येतात. हे आपल्या संस्कृतीला शोभत नाही, तेव्हा बंद करा, असे एक मत आहे. जग पुढे गेले आहे, मुली स्वखुशीने नाचतात आणि हीच स्त्री-पुरुष समानता आहे, असे दुसरे. मला दोन्ही अपुरी वाटतात. नोकरीची सगळी वर्षे मुलींना खो-खो आणि कबड्डी शिकविण्यात घालविलेली मी एक निवृत्त क्रीडाशिक्षिका आहे. नाचणाऱ्या मुलीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती मुलींना मैदानाबाहेर उभे करून त्याचीच नोंद ‘महिलांचा सहभाग’ म्हणून करण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल.

संस्कृतीचा आक्षेप आधी बाजूला ठेवते, कारण त्याचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. २००८ मध्ये आयपीएलचा पहिला हंगाम सुरू झाला, बेंगळुरूच्या संघाने अमेरिकेतील एका व्यावसायिक फुटबॉल संघाच्या चिअरलीडर आणल्या, इतर संघांनीही परदेशी नर्तकी नेमल्या आणि महाराष्ट्रात राज्याच्या तत्कालीन गृहराज्यमंत्र्यांनी या प्रकाराला अश्लील म्हटले. नवी मुंबईतील सामन्यांच्या वेळी चर्चा झाली ती त्या मुलींच्या कपड्यांच्या लांबीची. त्यांना मानधन किती मिळते, त्यांच्याशी करार कोणी केला, प्रेक्षकांतून शेरेबाजी झाली तर त्यांनी कोणाकडे जायचे, हे प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. त्याच हंगामात मोहालीच्या सामन्याला आलेल्या दोन कृष्णवर्णीय ब्रिटिश नर्तकींनी, आपल्या कातडीच्या रंगामुळे आपल्याला मैदानावर येऊ दिले नाही, असा आरोप केला होता. संस्कृतीच्या रक्षकांना या आरोपात संस्कृतीचा काही प्रश्न दिसला नाही.

त्याच्या तीन वर्षे आधी, २००५ मध्ये, राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली होती. कारण दिले गेले ते स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे. मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी २००६ मध्ये घटनाबाह्य ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तोच निकाल कायम ठेवला. दरम्यानच्या काळात पोट मारले गेले ते नाचणाऱ्या बायकांचे. नोटा उधळणाऱ्यांपैकी कोणाची भाकरी हिरावली गेली नाही. म्हणून ज्यांना चिअरलीडरवर बंदी हवी आहे त्यांच्या निवेदनावर मी सही केली नाही आणि करणारही नाही. बाईच्या प्रतिष्ठेच्या नावाने निघालेला हुकूम बहुतेक वेळा बाईच्याच ताटावर येऊन पडतो.

आता दुसरे मत, म्हणजे हेच पुरोगामीपण असल्याचे. ते मांडणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना चिअरलीडिंगचा मूळ इतिहास सांगितला, की आश्चर्य वाटते, म्हणून थोडा विस्ताराने सांगते. हा प्रकार पुरुषांनी सुरू केला. नोव्हेंबर १८९८ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडून एका सुरात घोषणा म्हणवून घेतल्या. पुढची कित्येक वर्षे हे काम तरुण पुरुषांचेच होते आणि ते मानाचे समजले जाई. जमावाला हाताळता येणे हा पुढारीपणाचा गुण मानला जात असे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर, रेगन आणि धाकटे बुश हे तिघेही आपापल्या शिक्षणसंस्थेत चिअरलीडर होते. मिनेसोटा विद्यापीठाने मुलींना या गटात घेतले ते १९२३ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात तरुण मुले आघाडीवर गेली, त्यांच्या रिकाम्या जागा मुलींनी भरल्या, आणि युद्धानंतर हळूहळू हे काम बायकी ठरले. बायकी ठरले, तसा त्याचा मानही उतरला; घोषणा देणारा पुढारी जाऊन त्याच्या जागी हसतमुख शोभा आली.

१९७२ हे साल या बाबतीत मला फार बोलके वाटते. शिक्षणसंस्थांमध्ये, म्हणजे तेथील खेळांमध्येही, मुलींशी भेदभाव करता येणार नाही असा कायदा अमेरिकेत त्या वर्षी झाला आणि मुलींना मैदानाचे दरवाजे उघडले. त्याच वर्षी डॅलसच्या व्यावसायिक फुटबॉल संघाने तोकड्या पोशाखातील नर्तकींचा नवा गट उतरविला आणि दूरचित्रवाणीने त्याची छबी जगभर पोहोचविली. एकाच देशाने एकाच वर्षी मुलींसाठी दोन वाटा काढल्या. मैदानाच्या आत नेणारी पहिली वाट कष्टाची, कोर्टकचेरीची आणि संथ होती. आपण उचलली ती दुसरी.

आणि गंमत अशी, की मूळ अर्थाने चिअरलीडर असलेला माणूस आपल्या प्रत्येक चषकात आधीपासून हजर आहे. तो म्हणजे समालोचक. माईक हातात घेऊन गर्दीला हसविणारा, टाळ्या मिळविणारा, फलंदाजाला टोपणनाव देणारा, सामन्यात जीव ओतणारा हा समालोचक सगळ्या पंचक्रोशीत नावाने ओळखला जातो, त्याला ठरवून मानधन मिळते आणि अंतिम सामन्याच्या दिवशी फेटा बांधून शाल-श्रीफळाने त्याचा सत्कार होतो. तो नेहमी पुरुष असतो. १८९८ मध्ये जे काम मानाचे होते ते आपण पुरुषाकडेच ठेवले आणि त्यातून उरलेला निव्वळ देखावा मुलींकडे दिला. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत वक्तृत्व स्पर्धा गाजविणाऱ्या मुली काही कमी नाहीत. त्यांच्यापैकी एकीच्या हाती एखाद्या रात्रीपुरता तो माईक द्यावा, असे आजवर एकाही संयोजकाच्या मनात कसे आले नाही, याचे मला खरोखर नवल वाटते.

नाच आणि खेळ यांचे आपल्या मातीशी काही वैर नाही. नांदेड जिल्ह्यात खंडोबाच्या माळेगाव यात्रेत एकीकडे कुस्त्यांची दंगल असते आणि दुसरीकडे लावणी महोत्सव. तिथे लावणी पाहायला येणारा माणूस लावणीच पाहायला आलेला असतो. कलावंतिणीला तिचा स्वतःचा मंच असतो, तिचा ढोलकीवाला असतो, तिच्या अदाकारीची समज असलेला रसिक समोर असतो आणि ती गात असताना मधूनच कोणी कुस्ती लावत नाही. लावणी कलावंतांच्या वाट्याला आलेली अवहेलना मला ठाऊक आहे आणि मी तिच्यावर पांघरूण घालत नाही. तरीही तिथे नाच हा कार्यक्रम आहे. सीमारेषेवरच्या मुलीचा नाच हा दुसऱ्या कोणाच्या कार्यक्रमातील मोकळी फट बुजविण्यासाठी असतो. तिची कला बारा-पंधरा सेकंदांची, तीही एखाद्या मुलाने चेंडू सीमापार धाडला तर. तिने उत्तम नाच केला की सुमार, याने कोणाला काही फरक पडत नाही, आणि मला यातील सर्वांत मोठा अपमान हाच वाटतो.

ज्या मुलींना मानधनही मिळत नाही त्या शाळकरी मुलींबद्दल मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण तो प्रकार चिअरलीडर हा शब्द आपल्याकडे येण्याच्या फार आधीपासून चालू आहे. उद्घाटनाचा दिवस ठरतो. मुख्याध्यापकांना निरोप येतो, की पाहुण्यांच्या स्वागतासाठी मुली पाठवा. मग तास बुडवून लेझीम बसवले जाते, नऊवारी आणि नथ यांची जुळवाजुळव होते, डोक्यावर कलश द्यायच्या मुली निवडल्या जातात, आणि निवडताना उंच व उजळ मुली पुढच्या रांगेत आणि काळ्यासावळ्या मागे हा हिशेब कोणी मोठ्याने न बोलताही पाळला जातो. सकाळी नऊला बोलावलेल्या मुली मंडपाच्या कडेला उभ्या राहतात. पाहुणे बारानंतर येतात. फेब्रुवारी सरता सरता आपल्याकडचे ऊन कसे असते ते मी मराठवाड्यातील माणसांना सांगायला नको. मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह नसते, म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, आणि त्यांतल्या ज्यांची पाळी चालू असते त्यांचे हाल त्यांनाच ठाऊक. पाहुणे येतात, मोबाईल समोर धरलेले कार्यकर्ते येतात, मुली लेझीम खेळतात, औक्षण करतात, पाहुणे बॅट हातात घेऊन एक चेंडू टोलवतात आणि पुढे सरकतात. मुलींना वडापाव आणि पाण्याची बाटली मिळते, तीही सगळ्यांना पुरत नाही. बक्षीस समारंभाच्या दिवशी पुन्हा त्याच मुली लागतात. या वेळी ट्रेमध्ये चषक धरून उभ्या राहायला.

यात मुलीला मिळते काय, हा प्रश्न मी क्रीडाशिक्षिका म्हणून विचारते. अधिकृत शालेय स्पर्धांत खेळलेल्या मुलामुलींना पात्रतेनुसार दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात आणि पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. आपल्या चषकांतून ते लाभ मिळत नाहीत हे मला माहीत आहे, पण तिथेही राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसलेल्या मुलाला टी-शर्ट मिळतो, प्रमाणपत्र मिळते, त्याचे नाव धावफलकावर लिहिले जाते. तीन दिवस सराव करून तीन तास उन्हात उभ्या राहिलेल्या मुलीचे नाव कुठेही लिहिले जात नाही. सरावात तिचा घाम कमी गळतो असे नाही. ती मोजली जाते ती फक्त अहवालात : ‘स्पर्धेत महिला व मुलींचा उत्स्फूर्त सहभाग’, आणि खाली कलश घेतलेल्या मुलींचा फोटो.

नेमका हाच हिशेब अमेरिकेत न्यायालयासमोर आला होता. कनेक्टिकट राज्यातील क्विनिपियाक विद्यापीठाने २००९ मध्ये मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करण्याचे ठरविले आणि त्याऐवजी चिअरलीडिंगचा स्पर्धात्मक संघ उभा करून खेळाडू मुलींची संख्या भरून दाखविली. व्हॉलीबॉलच्या खेळाडू आणि त्यांच्या प्रशिक्षक न्यायालयात गेल्या. २०१० मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की त्या वेळी ज्या स्वरूपात तो संघ चालत होता त्याला समानतेच्या कायद्यापुरता खेळ म्हणता येणार नाही, कारण त्याला ना नीट स्पर्धांचा हंगाम होता ना एकसारखे नियम; आणि २०१२ मध्ये वरच्या न्यायालयाने हा निकाल उचलून धरला. या निकालाने चिअरलीडिंगला कमी लेखले नाही. मुलींना खेळू देण्याचे बंधन शोभेच्या आकड्यांनी फेडता येत नाही, एवढेच त्याने सांगितले. आपल्या चषकांचे अहवाल त्या कसोटीवर तपासले, तर किती टिकतील?

मानधनावर येणाऱ्या नर्तकींचा प्रश्न वेगळा आहे आणि तो पूर्णपणे श्रमाचा प्रश्न आहे. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात, अब्जावधींची उलाढाल असलेल्या संघांच्या चिअरलीडरना २०१४ मध्ये किमान वेतनासाठी दावे लावावे लागले. ओकलंड आणि बफेलो येथील संघांच्या मुलींची तक्रार होती, की सरावाचे तास, जाहिरातीचे कार्यक्रम, प्रसाधनाचा खर्च यांपैकी काहीच मोबदल्यात धरले जात नाही. त्यानंतर २०१५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला, की व्यावसायिक संघांच्या चिअरलीडरना कर्मचारी मानावे लागेल. आपल्याकडे २०११ च्या आयपीएल हंगामात मुंबईच्या संघाबरोबर आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या एका चिअरलीडरने खेळाडूंच्या वागण्याविषयी निनावी ब्लॉग लिहिला. ओळख उघड होताच तिला मायदेशी धाडण्यात आले. दोरीबाहेरच्या मुलीने बोलू नये, हा त्यातला धडा फक्त आयपीएलपुरता नाही.

तालुक्याच्या मैदानावर येणारी नर्तकी तर याहून कितीतरी एकटी असते. सुपारी ठरते ती गट चालविणाऱ्या माणसाशी, तोंडी. तिच्या हातात त्यातले किती पडते ते आपल्याला माहीत नसते आणि आपण विचारतही नाही. कपडे बदलायला शाळेची एखादी खोली मिळते, तिच्या खिडकीला तावदान नसते. कलावंतांचे कपडे बदलताना चोरून चित्रीकरण होण्याचे प्रकार या राज्याने पाहिले आहेत. मंचासमोर गर्दी अनावर झाली, कोणी मंचावर चढले, खुर्च्या फेकल्या, तर दुसऱ्या दिवशी दोष नाचणारीला. संयोजकाच्या अपुऱ्या बंदोबस्ताला नव्हे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाची व्याख्या करताना स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? जिथे दहापेक्षा कमी लोक कामाला असतात तिथल्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. त्या समितीचा पत्ता आणि दूरध्वनी मंचामागे लावायला आपल्याला एका फ्लेक्सपेक्षा अधिक खर्च येणार नाही, आणि फ्लेक्सच्या बाबतीत आपण कधी हात आखडता घेतल्याचे मी पाहिलेले नाही.

चिअरलीडिंग हाही एक खेळ आहे, असे मला काही तरुण प्रशिक्षकांनी सांगितले, आणि ते खरे आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१६ मध्ये तात्पुरती व २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. त्या खेळात कोलांट्या असतात, खांद्यांवर उभे राहून रचलेले मनोरे असतात, हवेत फेकलेल्या मुलीला अलगद झेलणे असते, आणि मुलगे-मुली एकत्रही उतरतात. तो फार अवघड आणि धोक्याचा खेळ आहे. अमेरिकेत शाळा-महाविद्यालयांतील मुलींना खेळताना होणाऱ्या डोक्याच्या व मणक्याच्या गंभीर दुखापतींत त्याचा वाटा मोठा आहे. दहीहंडीचे थर लावणाऱ्या महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगायला नको. चौदा वर्षांखालील मुलांना थरांत चढवायचे नाही, ही अट आपल्या राज्याने उच्च न्यायालयात मान्य केलेली आहे. तेव्हा कोणाला हा खेळ आपल्याकडे रुजवायचा असेल, तर जाड गाद्या, प्रशिक्षित मार्गदर्शक, विमा आणि स्वतंत्र स्पर्धा यांसह खुशाल रुजवावा, आणि मी स्वतः पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. षटकारानंतर कंबर हलविण्याला मात्र त्या खेळाचे नाव देऊ नये.

मुलगेही नाचवा म्हणजे समानता येईल, असेही एक उत्तर मिळते. लॉस एंजेलिसच्या फुटबॉल संघाने २०१८ मध्ये दोन पुरुषांना मुलींच्या बरोबरीने चिअरलीडर म्हणून घेतले होते. त्यात गैर काहीच नाही. पण दोरीबाहेर मुलगे आल्याने दोरीच्या आत मुलगी येत नाही.

आणि ती आत यावी, हाच माझा मुद्दा आहे. ‘आमच्या गावात मुलींचे संघ आहेत कुठे’, असे आपण म्हणता. धाराशिवला विचारा. तिथल्या मैदानावर घडलेल्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय मुलींनी नेपाळला हरवून जिंकला, तेव्हा संघाची कर्णधार होती मूळच्या बीड जिल्ह्यातील घराण्याची प्रियंका इंगळे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये उद्घाटनाला भारताचा ध्वज धरणाऱ्या दोघांपैकी एक होत्या नांदेड जिल्ह्याच्या गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव. सांगलीत २०२३ पासून महिलांची महाराष्ट्र केसरी सुरू झाली. आणि ज्या डी. वाय. पाटील स्टेडियमच्या काठावर २००८ मध्ये मुलींच्या कपड्यांवरून वाद रंगला होता, त्याच मैदानाच्या मध्यभागी २ नोव्हेंबर २०२५ रोजी हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्त्री व पुरुष खेळाडूंची सामन्याची फी सारखी केली : कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख आणि टी-२० ला ३ लाख. वार्षिक करारांत आणि सामन्यांच्या संख्येत अजून मोठी तफावत आहे, तरी निदान एक गोष्ट कागदावर आली. मंडळ जे करू शकले ते चषकाच्या संयोजकाला अशक्य का असावे?

मुलींचे संघ का नाहीत, याचे खरे उत्तर आपल्या भागात कटू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत वीस ते चोवीस वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघाले. परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के आणि बीडमध्ये ४४ टक्क्यांच्या जवळपास होते. नववी-दहावीला चपळ झालेली मुलगी पुढच्या वर्षी मैदानावर दिसत नाही, हे मी माझ्या नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिले. आई-वडिलांना भीती असते ती अंधार पडल्यानंतरच्या रस्त्याची, लोकांच्या बोलण्याची आणि ऊसतोडीला जाताना वयात आलेल्या मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे याची. अशा गावात मैदानावर मुलगी पाहण्याची सवय आपण कशी लावणार आहोत? सगळा गाव जमलेला असताना तिला नाचताना किंवा चषकाचा ट्रे धरताना दाखविले, तर बापाच्या मनातली भीती वाढते. तीच मुलगी त्याच गावासमोर यष्टिरक्षण करताना दिसली, तर त्या बापाचे शेजारीच त्याला दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पाजतात. ही गर्दी जमविण्याची ताकद जिल्हा क्रीडा संकुलाकडे नाही, शाळेकडे नाही. ती तुमच्या चषकाकडे आहे. म्हणून हे पत्र शासनाऐवजी तुम्हाला लिहिले आहे.

येत्या हंगामासाठी माझ्या विनंत्या फार मोठ्या नाहीत. पाहुण्यांच्या स्वागतासाठी शाळकरी मुलींना बोलावणे थांबवावे. पाहुण्यांचे स्वागत त्यांचे कार्यकर्तेच करतील आणि औक्षणावाचून कोणाचे काही अडणार नाही. लेझीमचा कार्यक्रम ठेवायचाच असेल, तर मुलामुलींचे मिश्र पथक घ्यावे, ठरल्या वेळी सुरू करावा, पाहुणे आलेले असोत वा नसोत, आणि पथकातील प्रत्येकाच्या नावाचे प्रमाणपत्र द्यावे. नर्तकींचा गट आणणार असाल, तर लेखी करार करावा, मानधन ज्या त्या मुलीच्या खात्यावर जमा करावे, अठरा वर्षांखालील कोणालाही मंचावर उभे करू नये, कडी लागणारी खोली व स्वच्छतागृह द्यावे आणि परतीची गाडी ठरवावी. यातले काहीच जमणार नसेल, तर गट आणू नये. समालोचनाची एक बाजू मुलीकडे द्यावी. आणि चषकाच्या अखेरच्या आठवड्यात मुलींच्या किमान चार संघांची स्पर्धा घ्यावी. पूर्ण अकरा जणी जमत नसतील, तर आठ-आठ जणींचे संघ करावेत, षटके कमी ठेवावीत, पण बक्षिसाची रक्कम मुलांच्या बरोबरीची असावी आणि ती फ्लेक्सवर त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी.

आपली नियमावली डिसेंबरच्या सुरुवातीला छापायला जाते. तिच्यात मुलींच्या सामन्यांच्या तारखा असतील, तर आजूबाजूच्या गावांतील क्रीडाशिक्षकांना संघ बांधायला पुरेसा अवधी मिळेल, त्यामुळे कृपया त्याआधी निर्णय कळवावा. हे सामने दुपारच्या रिकाम्या मैदानावर न उरकता मुलांच्या सामन्यांप्रमाणे दिव्यांखाली ठेवावेत, आणि मुलींना घरापर्यंत पोहोचविणाऱ्या जीपचे भाडे स्पर्धेच्या खर्चात धरावे. पंच मिळत नाहीत, ही अडचण सांगू नये. मी आणि माझ्याबरोबरच्या काही निवृत्त सहकारी यायला तयार आहोत. मानधन आपण पुरुष पंचांना देता तेवढेच घेऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
परभणी